गाडी कधी बोलू लागते

बीएमडब्ल्यूच्या झेड-फोर या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाडीची दुसरी पिढी २००९ साली आली, तेव्हा शौकिनांची तिच्याविषयीची मोठी तक्रार अशी होती की ती बसायला बरी झाली आहे. २००२ सालची पहिली झेड-फोर कडक होती. सस्पेन्शन टणक होतं आणि त्यात रन-फ्लॅट टायर. पंक्चर झाल्यावरही गाडी पुढे नेता यावी म्हणून या टायरच्या बाजूच्या भिंती मुद्दाम ताठ केलेल्या असतात. त्यामुळे रस्त्यातला सांधा न् सांधा चालवणाऱ्याच्या मणक्याला कळायचा. याच कडकपणावर तेव्हा टीकाही झाली होती. मग दुसऱ्या पिढीत गाडी सुमारे पंधरा सेंटिमीटरने लांबली, कापडी टप जाऊन घडी होणारा ॲल्युमिनियमचा टप आला, वजन वाढलं आणि आराम हवा की खेळ, हे निवडायला बटण मिळालं. ‘सॉफ्ट झाली’ असा निकाल लगेच लागला. २०१८मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा कापडी टप परतला, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी झालं आणि पुढच्या दोन चाकांतलं अंतर जवळजवळ दहा सेंटिमीटरने वाढलं. आता गाडी वळणात घट्ट बसते हे सगळ्यांनी मान्य केलं, पण स्टिअरिंग हाताला काही सांगत नाही, ही नवी तक्रार सुरू झाली.

(जाता जाता एक नोंद. त्या ‘सॉफ्ट’ दुसऱ्या पिढीचं बाह्यरूप युलियाने ब्लासी यांचं आणि आतली रचना नादिया आर्नाउट यांची. मऊपणा हा दोष मानणाऱ्या बहुतांश पुरुषी जगाला ती गाडी दिसायला मात्र कायम आवडत आली.)

भारतात तिसरी पिढी २०१९च्या एप्रिलमध्ये आली. किंमत पासष्ट लाखांच्या आसपास सुरू होत होती आणि ३४० अश्वशक्तीची एम-४०-आय ही आवृत्ती ७९ लाखांच्या घरात जात होती. या किमतीला आमच्या नवी मुंबईत अशा गाड्या किती असणार? पण त्यांच्यावर मत असणारे पुष्कळ आहेत. सीवूड्सच्या कॉफीच्या दुकानात किंवा वाशीतल्या चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी कान दिला तर स्वतः स्विफ्ट चालवणारा तरुण झेड-फोरच्या बॉडी रोलवर, म्हणजे वळणातल्या झुकण्यावर, तावातावाने बोलताना ऐकू येतो. त्याला हसण्याचं कारण नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तो तिचं समर्थन करण्यात गुंतलेला असतो. ज्याच्याकडे नाही तो निदान हप्त्याच्या ओझ्याखाली बोलत नाही. माझी अडचण वेगळी आहे. दोघंही वाद घालतात तो आराम विरुद्ध हँडलिंग असा, जणू एक वाढलं की दुसरं घटलंच पाहिजे. हा हिशेब आपल्याकडे आला आहे तो गुळगुळीत रस्त्यांच्या देशांतून, तिथल्या ट्रॅकवरच्या चाचण्यांतून. आपल्या रस्त्यावर तो लागू पडत नाही.

गाडीची सगळी पकड टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांवर असते. चाक रस्त्याला चिकटून राहिलं, त्याच्यावरचा भार फार वर-खाली झाला नाही, तर पकड टिकते. ट्रॅकवर चाकाला खाली-वर व्हायची फारशी वेळच येत नाही, म्हणून तिथे ताठ स्प्रिंग शोभते. सायन–पनवेल महामार्गावरच्या उड्डाणपुलांचे सांधे किंवा पावसाळ्यानंतरचा ठाणे–बेलापूर रस्ता वेगळा असतो. तिथे ताठ गाडी खड्डा गिळत नाही, त्याच्यावरून उडते. चाक हवेत असलेल्या त्या निमिषात पकड शून्य. वळणात असताना हे झालं तर गाडी बाजूला सरकते. अशा रस्त्यावर स्प्रिंग थोडी मऊ आणि तिची उसळी आवरणारा डॅम्पर नेमका असलेली गाडी नुसती सुखाची नसते, ती जास्त वेगाने आणि जास्त सुरक्षितपणे वळते. म्हणजे आराम हाच इथे हँडलिंगचा पाया आहे.

मग ताठपणा हवा कुठे? अंगात. टप नसलेली मोटार म्हणजे झाकण काढलेला पत्र्याचा डबा. दोन टोकं धरून पिळला की पिळतो. उघड्या गाडीच्या सांगाड्याला असा पीळ बसू लागला की पुढची काच थरथरते, दरवाजे कुरकुरतात आणि चाकांचे कोन जागेवर राहत नाहीत. सांगाडा लेचापेचा असेल तर स्प्रिंगा कितीही कडक केल्या तरी उपयोग नाही; सांगाडा ताठ असेल तर स्प्रिंगा बिनधास्त मऊ ठेवता येतात. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२च्या इलॅनमध्ये हेच केलं. मधोमध पोलादी कणा, वर फायबरचं अंग, वजन सातशे किलोंच्या आत आणि स्प्रिंगा मऊ. स्टिअरिंगचा विषय निघाला की साठ वर्षांनंतरही जाणकार तिचं नाव घेतात. कडक गाडी म्हणजे अस्सल गाडी, या समजाला तेवढं एक उदाहरण पुरायला हवं होतं.

नवी मुंबईतल्या शौकिनांचं खरं दुःख मात्र सस्पेन्शनचं नसतंच, ते पोट घासण्याचं असतं. त्याचं गणित मांडण्यासारखं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने स्पीडब्रेकरचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, माथा १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. झेड-फोरच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४७ मीटर. म्हणजे गाडी माथ्यावर असताना चारही चाकं उंचवट्यावरच असतात आणि दोन चाकांच्या मध्ये तो उंचवटा पोटाकडे किती वर येतो, हे शाळेतल्या भूमितीने काढता येतं: साधारण साडेचार सेंटिमीटर. गाडीचं पोट जमिनीपासून अकरा-बारा सेंटिमीटरवर. सावकाश गेलात तर आरामात निघाल. पण आपल्या सेक्टरांमधले स्पीडब्रेकर कोणत्या मापाने होतात? सोसायटीच्या गेटसमोर रात्रीतून उगवलेला, हातभर रुंदीचा डांबराचा बांध त्या मापात कुठेच बसत नाही. त्याच्या एका बाजूला पुढची चाकं, दुसऱ्या बाजूला मागची, आणि सगळी उंची थेट पोटाखाली. म्हणून मग गाडी तिरकी घ्यायची, एकेक चाक चढवायचं, मागून हॉर्न ऐकायचे. सिडकोने १९७०पासून आखलेल्या, रुंद रस्त्यांच्या या शहरात उंचवट्याचं माप पाळणं काही अवघड नव्हतं. आणि हा प्रश्न मूठभर श्रीमंतांचा नाही. त्याच बांधावर रिक्षातल्या गरोदर बाईला दणका बसतो, रुग्णवाहिकेला थांबावं लागतं. उघड्या टपाच्या गाडीवाल्याचा आवाज मोठा, एवढाच फरक.

एवढं असूनही शौकिनांना कडक गाडी का हवी असते? मला वाटतं, सोसण्याला आपण फार लवकर निष्ठेचा दर्जा देतो. बुलेट मोटारसायकलचं बघा. गिअर उजव्या पायाकडून डावीकडे आले तेव्हा हळहळ झाली. ओतीव लोखंडाचं जुनं इंजिन बंद झालं तेव्हा मोठी हळहळ झाली. २०२०नंतरच्या नव्या इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट आला तेव्हा ‘थंप गेला’ म्हणून जवळजवळ सुतक पाळलं गेलं. ज्या थरथरीने लेह गाठेपर्यंत हात बधिर व्हायचे, तीच आठवणीत गोड झाली होती. तो त्रास प्रवेशशुल्कासारखा होता: आम्ही भरला, तुम्हाला फुकट कसं? मर्यादित वर्तुळातल्या कुठल्याही छंदाला अशी एक पायरी लागते, जिच्याखाली बाकीचे उभे राहतील. गाडी सुखाची झाली की ती पायरी जाते. तक्रारीतला हा भाग मी मनावर घेत नाही.

पण तक्रारीत दुसराही एक भाग आहे आणि तो खरा आहे. कडकपणा आणि संवाद या दोन वेगळ्या गोष्टी शौकीन एकाच शब्दात बोलतात, त्यामुळे त्यांचं रास्त म्हणणंही बाजूला पडतं. नव्या गाड्यांत विजेवर चालणारं स्टिअरिंग आहे, आवाज अडवणारे जाड थर आहेत, आठ गिअर आपोआप बदलणारी पेटी आहे, रुंद टायर आहेत. या सगळ्याने रस्ता आणि माणूस यांच्यात एक गादी घातली जाते. जुन्या हलक्या गाडीत साठच्या वेगाला जे कळायचं – टायर आता कुरकुरतोय, मागची बाजू किंचित हलली – ते या गाडीत कळायला शंभरच्या पुढे जावं लागतं. शंभराला साठ वाटतो. आणि कळण्यासाठीच तर ही गाडी घेतलेली असते! मग चालवणारा तिला बोलती करायला वेग वाढवत जातो.

वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या पामबीच रस्त्यावर याचा अर्थ नीट लक्षात येतो. दहाएक किलोमीटरचा, सहा पदरी, एका बाजूला खारफुटी आणि खाडी, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि बहुतेक सरळ. मुंबईच्या आसपास एवढा मोकळा शहरी रस्ता क्वचित सापडतो, म्हणून शौकीन इथे येतात. पण पहाटे इथे सायकलवाले असतात, चालणारे असतात, हिवाळ्यात फ्लेमिंगो पाहायला आलेली कुटुंबं असतात. भरधाव गाड्यांचे अपघात नवी मुंबईकरांना नवे नाहीत. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे शहरी रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर. अटल सेतूवर, उघड्या समुद्रावर, १०० मिळतात, पण तिथे वळणाचा खेळ कुठला. सरळ जायचं आणि टोल भरायचा. तेव्हा या शहरातल्या माणसासाठी खेळाच्या गाडीची कसोटी एकच असायला हवी: सत्तरच्या आत ती किती बोलते. तिला शंभराला पोचायला साडेचार सेकंद लागतात की पाच, हा प्रश्न पामबीचवर निरर्थक आहे. निरर्थक म्हणणंही सौम्य झालं; धोक्याचा आहे.

या कसोटीवर मोठ्या नावांपेक्षा लहान गाड्या उतरतात. माझदाची एमएक्स-५ १९८९मध्ये आली ती १.६ लिटरच्या साध्या इंजिनासह आणि टनभराच्या आत वजन घेऊन. २०१५च्या चौथ्या पिढीत, सगळ्या जगाच्या गाड्या फुगत असताना, कंपनीने तिला आधीच्या पिढीपेक्षा सुमारे शंभर किलो हलकी केली आणि लांबीने पहिल्या पिढीपेक्षाही आखूड. तिला वळणात थोडं झुकू दिलं आहे, कारण झुकणं ही माहिती आहे. किती पकड उरली ते शरीराला त्यातूनच समजतं. ती भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. पण आपल्या शेजारी, गोव्यात, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची फायबरच्या अंगाची दोन आसनी उघडी गाडी काढली होती. आत रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. ती फार खपली नाही आणि आज ती आठवण्यापुरतीच उरली आहे. मोटारीची हौस म्हणजे ताकद, असं आपण ठरवून टाकल्यावर साठ अश्वशक्तीच्या गाडीला कोण विचारणार? तरी दोडामार्ग किंवा आंबोलीच्या घाटात, कायद्याच्या आत राहून, ३४० अश्वशक्तीच्या मालकाला जे मिळत नाही ते साठवाल्याला मिळालं असतं, याची मला खात्री आहे.

बीएमडब्ल्यूला हे उशिरा का होईना समजलं असावं. २०२५मध्ये झेड-फोरची एक आवृत्ती भारतात हाताने गिअर टाकायच्या पेटीसह आली, आणि ती ऑटोमॅटिकपेक्षा लाखभराने महाग ठेवली. क्लच दाबण्याचा त्रास विकत घ्यायला एक लाख जास्त! संध्याकाळी सातला वाशी टोलनाक्याजवळच्या कोंडीत अडकल्यावर हा व्यवहार वेडेपणाचा वाटेल. मला तो वाटत नाही. यात कोणाचा मणका मोडत नाही, स्प्रिंग कडक होत नाही, वेग वाढत नाही. माणसाला तिसाच्या वेगालाही हातापायांनी काहीतरी करायला मिळतं, आपण गाडी चालवतोय हे कळतं. शौकिनांनी वर्षानुवर्षं ‘सॉफ्ट झाली, सॉफ्ट झाली’ म्हणून ओरडण्याऐवजी हे मागितलं असतं तर कदाचित आधीच मिळालं असतं.

आता भारतातल्या शोरूममध्ये उघड्या टपाची नवी गाडी आली आहे ती विजेवरची. एमजीची सायबरस्टर, २०२५च्या जुलैपासून, तेव्हाची किंमत पंच्याहत्तर लाखांच्या आसपास. ताकद पाचशे अश्वशक्तीच्या वर, वजन दोन टनांच्या जवळ, शून्य ते शंभर ३.२ सेकंदांत. बसायला ती छान आहे, यावर फारसा वाद होणार नाही. इंजिनाचा आवाज नाही, गिअर नाहीत, आणि वजनच एवढं की रस्त्याची लहानसहान बातमी वाटेतच विरून जावी. आराम विरुद्ध हँडलिंग हे जुनं भांडण तिच्यापुरतं मिटल्यातच जमा आहे. पामबीचवर सिग्नल सुटल्यावर ही गाडी सत्तरचा वेग दोन-सव्वादोन सेकंदांत, पंचवीसेक मीटरमध्ये गाठेल. उरलेल्या दहा किलोमीटरमध्ये चालवणाऱ्याने करायचं काय, हे ज्यांनी ती बनवली त्यांना कोणीतरी विचारलं पाहिजे.