झाकणे आणि फसवणे



काही प्रश्न इतके लहान असतात की ते विचारायलाही माणसाला संकोच वाटतो. पापनिवेदनात सांगावेत एवढे ते मोठे वाटत नाहीत आणि मनातून जातही नाहीत. मागे एका रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एका मातेने आम्हाला बाजूला घेऊन असाच एक प्रश्न विचारला. तिच्या मुलाचे वय तिशीच्या आत आहे. नोकरी चांगली, स्वभाव चांगला, पण टाळूवरचे केस झपाट्याने विरळ होत चालले आहेत. तो रोज सकाळी आरशासमोर उभा राहून डोक्यावर एक काळी पावडर शिंपडतो आणि मग डोके भरलेले दिसते. आता त्याच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. माता म्हणाली, "फोटो पावडर लावलेलाच दिलाय. पुढच्या आठवड्यात मुलीकडची माणसं येणार आहेत. हे पाप तर नाही ना?"

आम्ही तिला लगेच उत्तर दिले नाही, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हते. नंतर विचार केला, थोडे वाचले, जाणत्यांना विचारले. तिचीच परवानगी घेऊन ते येथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. हे औषध नव्हे. लोकरीतून काढलेल्या केराटिन या प्रथिनाचे किंवा कापसाचे हे अतिशय बारीक तंतू असतात. आपले केसही केराटिनचेच बनलेले असतात. स्थिर विद्युतभारामुळे हे तंतू उरलेल्या केसांना चिकटतात आणि एकेक केस जाड दिसू लागतो. डोके धुतले की सारे निघून जाते. जिथे एकही केस उरलेला नाही तिथे या पावडरीचा काही उपयोग होत नाही.

आपल्या सोलापूरला तंतू नवे नाहीत. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी, आपली 'जुनी मिल', उभी राहिली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसे डोक्यावर कापसाचे तंतू घेऊन घरी परतली. तरुण कामगाराचे केसही पाळी सुटताना पांढुरके दिसत. ती कष्टाची खूण होती, तिची कोणाला लाज वाटत नसे. आज तसेच तंतू डबीत भरून बाजारात येतात आणि लाज झाकण्यासाठी डोक्यावर घातले जातात. तंतूंत फारसा फरक नाही. मग ही लाज कुठून आली?

केस जाणे हे पाप नाही, हे तर उघड आहे. पुरुषांचे केस बहुधा अनुवंशाने आणि शरीरातील संप्रेरकांमुळे जातात. स्त्रियांचे केस बाळंतपणानंतर, टायफॉइडसारख्या तापानंतर, रक्तातील लोह कमी झाल्याने किंवा थायरॉइडच्या विकाराने गळतात. कर्करोगावरील काही औषधांनी तर सगळेच जातात. बार्शीच्या रुग्णालयात आप्तांना घेऊन गेलेल्या आपल्यातील काहींनी हे जवळून पाहिले आहे. जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात त्वचारोगांचे कडक नियम आहेत. रोगी माणसाला वस्तीबाहेर राहावे लागे, इतके ते कडक आहेत. पण त्याच अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की ज्याच्या डोक्याचे केस गळाले तो केवळ टकला आहे, तो शुद्ध आहे. एवढ्या बारकाईने अशुद्धता शोधणाऱ्या नियमशास्त्राने टकलाला निर्दोष ठरविले!

तरीही झाकावे का, हा प्रश्न उरतोच. आपल्यातील काही जण म्हणतील, हा पोकळ देखावा आहे. राखेच्या बुधवारी आपण राख लावून घेतो. २०२१ साली महामारीच्या काळात तर रोमने धर्मगुरूंना काही न बोलता प्रत्येकाच्या डोक्यावर राख शिंपडण्यास सांगितले होते. ती राख सांगते की आपण माती आहोत, आणि ही पावडर सांगते की अजून नाही! हा आक्षेप जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी केस रंगविणाऱ्या स्त्रियांना खडसावले होते. एक केसही पांढरा किंवा काळा करणे तुमच्या हाती नाही, असे डोंगरावरील प्रवचनात प्रभू म्हणाले, त्याची आठवण त्यांनी करून दिली.

परंतु त्याच राखेच्या बुधवारचे शुभवर्तमान आठवा. उपवास करताना चेहरा उतरलेला ठेवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास लोकांना दिसणार नाही, असे प्रभू येशू सांगतात. म्हणजे पोटातली भूक लोकांपासून झाकायला खुद्द प्रभूच शिकवितात! सगळेच झाकणे खोटे असते तर त्यांनी असे सांगितले नसते.

सिप्रियन यांच्या त्या कडक शब्दांचा विचार करून तेराव्या शतकात संत थॉमस अॅक्विनास यांनी 'सुम्मा'मध्ये एक साधा भेद केला. नसलेल्या सौंदर्याचे सोंग आणणे वेगळे आणि आजारासारख्या कारणाने आलेले व्यंग झाकणे वेगळे. दुसरी गोष्ट त्यांनी उचित मानली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा कॅटेकिझमही शिकवितो की ज्याला सत्य जाणण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे ते उघड करण्याचे बंधन आपल्यावर नाही. रस्त्यावरच्या माणसाला, कार्यालयातल्या सहकाऱ्याला, मिस्सेत शेजारी बसलेल्याला आपल्या टाळूवर किती केस आहेत हे जाणण्याचा काय अधिकार? तापातून उठलेली एखादी भगिनी विरळ भांगावर पावडर लावून चर्चला येत असेल तर ती कोणाला फसवीत नाही. ती फक्त चार प्रश्न टाळते. तिला तो हक्क आहे.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येऊ. येथे गोष्ट बदलते, कारण समोरची मुलगी रस्त्यावरची कोणी परकी नाही. ती आपल्या आयुष्याचा निर्णय घेणार आहे.

२०१९ साली 'बाला' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातला नायक टोप घालून लग्न करतो आणि सत्य कळताच पत्नी त्याला सोडून जाते. लोक हसले. पुढच्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात, मीरा रोडला, एका नवविवाहितेने पतीचे केस म्हणजे टोप असल्याचे लग्नानंतर कळल्यावर पोलिसांत तक्रार नोंदविली. त्या घरात मात्र कोणी हसले नसेल. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही या विषयावर एक कलम आहे. १९८३च्या संहितेतील कॅनन १०९८ सांगतो की संमती मिळविण्यासाठी जोडीदाराच्या एखाद्या गुणाविषयी जाणूनबुजून फसवणूक केली आणि तो गुण स्वभावतःच वैवाहिक जीवन गंभीरपणे विस्कळीत करणारा असेल, तर तो विवाह वैध ठरत नाही. विरळ केस सामान्यतः एवढे गंभीर नव्हेत, त्यामुळे कोणी घाबरून जाऊ नये. पण कायद्यात अडकत नाही म्हणून ती गोष्ट योग्य ठरते, असेही नाही.

विचार करा. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्या मुलीला उशीच्या अभ्र्यावर काळा भुरका दिसेल. पती न्हाणीघरातून बाहेर आला की वेगळा माणूस दिसेल. तिला दुःख होईल ते केसांचे कमी आणि दुसऱ्याच गोष्टीचे जास्त: 'हे मला आधी का सांगितले नाही? आणखी काय काय सांगितलेले नाही?' केस नसलेल्या पतीवर स्त्रिया आनंदाने प्रेम करतात, हे आपल्या धर्मग्रामातच कितीतरी घरांत दिसते. पण शंकेच्या पायावर संसार उभा राहणे कठीण असते. जगासमोर जे झाकणे निर्दोष आहे, तेच संमती मिळविण्यासाठी वापरले की फसवणूक होते.

म्हणून आमचे उत्तर असे आहे. मुलाने पावडर लावून खुशाल नोकरीला जावे. मुलीकडची माणसे आली तेव्हाही लावली तर बिघडत नाही. मात्र होकार घेण्यापूर्वी, साखरपुड्याच्या आधी, त्याने स्वतः त्या मुलीला एक वाक्य सांगावे: "माझे केस विरळ आहेत, मी पावडर लावतो." आईने किंवा मध्यस्थाने नव्हे, त्याने स्वतः. एवढ्या कारणाने मुलीने नकार दिला, तर तो नकार लग्नाआधी आला याबद्दल देवाचे आभार मानावेत.

पण बंधुभगिनींनो, एवढ्यावर थांबलो तर सगळे ओझे त्या मुलाच्याच डोक्यावर ठेवल्यासारखे होईल. तो का झाकतो? आपण हसतो म्हणून. 'चंद्र उगवला', 'विमानतळ तयार झाला' असले विनोद कोण करतो? आपणच, आणि तेही चर्चच्या पायऱ्यांवर. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात काही पोरे अलीशा संदेष्ट्याला टकला म्हणून चिडवितात आणि त्या गोष्टीचा शेवट फार भयंकर होतो. तिचा अर्थ विद्वान सांगोत. चेष्टा ही देवाच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नाही, एवढे तरी आपण तिच्यातून घेऊ शकतो.

लाज डोक्यात नसते, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असते. आपल्या शहरातील कितीतरी तेलुगू भाषक शेजारी तिरुपतीला जाऊन केस अर्पण करून येतात आणि त्या तुळतुळीत डोक्याला लोक आदराने पाहतात. याच महाराष्ट्रात एके काळी उच्चवर्णीय विधवांचे केस सक्तीने काढले जात आणि तेच डोके अशुभ मानले जाई. १८८३ साली ख्रिस्ताचा स्वीकार केलेल्या पंडिता रमाबाईंनी अशा स्त्रियांना आसरा दिला. आपण पुण्याला जाताना गाडी केडगाववरून जाते, तेथेच त्यांचे मुक्ती सदन आहे. डोके एकच, पण कुठे मान, कुठे अपमान, कुठे थट्टा. हे अर्थ देवाने दिलेले नाहीत, माणसांनी दिलेले आहेत.

अगदी अलीकडची गोष्ट पाहा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडू लागले. पाण्याची तपासणी झाली, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. यात त्या लोकांचा काय दोष? तरी मुलामुलींना बाहेर पडणे अवघड झाले आणि ठरत आलेल्या लग्नांत अडथळे आल्याच्या बातम्या छापून आल्या. त्यांचे केस कशानेही गेले असोत, त्यांचा मान आपल्यासारख्या माणसांनी घालविला.

जे पावडर वापरतात त्यांना दोन गोष्टी प्रेमाने सांगाव्याशा वाटतात. पहिली, लोकांपासून झाका, पण डॉक्टरांपासून झाकू नका. केस अचानक गळू लागले तर ते शरीराने दिलेली सूचना असू शकतात. दुसरी, अधूनमधून स्वतःला विचारा, पावडरीविना मी दारापर्यंत जाऊ शकतो का? पाहुणे अचानक आले, पाऊस आला, गड्ड्याच्या गर्दीत घाम आला, तर माझा जीव खालीवर होतो का? होत असेल, तर ती डबी आता माझी चाकर राहिलेली नाही, मी तिचा चाकर झालो आहे. कॅटेकिझम शरीराची काळजी घ्यायला सांगतो, पण शरीराची पूजा करायला मनाई करतो, ती या अर्थाने. आठवड्यातून एक दिवस तरी, निदान घरच्यांसमोर, तिच्याशिवाय राहून पाहावे.

आपल्या डोक्यावरील केसही मोजलेले आहेत, असे प्रभूने शिष्यांना सांगितले ते छळाला भिऊ नका हे समजाविताना. गळून उशीवर पडलेला केसही त्या मोजणीत होता. जो पिता तो मोजतो त्याच्यापुढे आपल्याला काहीही झाकावे लागत नाही. आपल्या घरात, आपल्या चर्चच्या आवारातही कोणाला भीतीने काही झाकावे लागू नये, अशी आपली वागणूक असावी. या रविवारपासून निदान एक विनोद आपण गिळून टाकू या, आणि ज्यांच्यावर तो होणार होता त्यांच्या शेजारी जाऊन बसू या.

प्रभू आपणा सर्वांना सत्य सांगण्याचे धैर्य आणि दुसऱ्याचे व्यंग झाकण्याचे प्रेम देवो.