पेरणी उलटल्यावरचं कर्ज

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ताज्या भाजीचं दुकान नसतं, कारण तिथल्या लोकांना ती नकोच असते, असं शिकलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. ही समजूत निराधार आहे. ताटात काय पडणार, हे आवडीनिवडीच्या कितीतरी आधी जमीन आणि पत ठरवते.

१८६५ साली मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा लष्करी आदेश निघाला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देववली. तरीही पोटाला चिमटा काढून अनेकांनी शेतं घेतली. १९२० साली देशातल्या सात शेतकऱ्यांमागे एक कृष्णवर्णीय होता. २०१७ च्या शेतीगणनेत हे प्रमाण सत्तरात एकाच्या आसपास उरलं.

यंत्रं आली, तरुण शहरांकडे गेले, हे खरं. पण तेवढ्याने गोऱ्यांचीही शेती सुटली. मग प्रमाण का कोसळलं? उत्तर कर्जाच्या कचेरीत आहे. सरकारी कर्ज कुणाला द्यायचं, यात स्थानिक शेतकऱ्यांच्या समित्यांचा शब्द चाले आणि त्या बहुतांशी गोऱ्यांच्या होत्या. कृष्णवर्णीयांचे अर्ज रखडत. मंजुरी आलीच, तर पेरणी उलटल्यावर. त्या पैशाने बी घेऊन करायचं काय? हप्ता थकला की जमीन लिलावात. १९९९ मध्ये या भेदभावाच्या दाव्यात सरकारला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

भूक हे शिक्षेचं हत्यारही झालं. मिसिसिपीतल्या लेफ्लोर काउंटीत कृष्णवर्णीय मतदार नोंदणीला पुढे आले, तेव्हा १९६२ च्या हिवाळ्यात तिथलं सरकारी धान्यवाटप थांबवलं गेलं. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या फॅनी लू हेमर यांनी याचा अर्थ नेमका ओळखला. १९६९ मध्ये त्यांनी सहकारी शेती उभी केली. डुकरांची बँकही काढली: कुटुंबाला मादी द्यायची, पिल्लं झाली की त्यांतली काही बँकेत परत. स्वतःचं अन्न हाती असलेल्या माणसाला उपाशी ठेवून मत हिरावता येत नाही.

२०२१ मध्ये कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य शेतकऱ्यांसाठी कर्जमाफीचा कायदा झाला, तेव्हा वंश पाहून मदत हा भेदभाव आहे, म्हणत गोरे शेतकरी न्यायालयात गेले. माफी अडली, पुढच्या वर्षी रद्दही झाली. तत्त्व म्हणून हा आक्षेप वजनदार आहे. पण वंश पाहून कर्ज अडवलं जात होतं, त्या सगळ्या दशकांत हे तत्त्व कुठे होतं? मदतीलाच भेदभाव ठरवणारा हा युक्तिवाद आपल्याकडे आरक्षणाच्या वादात रोज ऐकू येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. म्हणून तिथलं अर्धवट राहिलेलं काम आपल्याला परकं म्हणता येत नाही. ज्यांची जमीन कचेरीतल्या अन्यायाने गेली, त्यांना नुसती भरपाई पुरेशी नाही. जमीन घेता येईल असं कर्ज हवं, आणि तेही पेरणीच्या आधी.