तोंडी हुकूम

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता स्टोअरकीपरला केबिनमध्ये बोलावणं येतं. मोबाइल बाहेर ठेवायचा. टेबलावर कागद आधीच टाइप होऊन पडलेला असतो: वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे. खाली सहीपुरती जागा कोरी. साहेब पेन पुढे सरकवतात. ‘सही कर, अनुभवाचा दाखला चांगला देतो. नाहीतर आम्हाला दुसरा मार्ग आहे.’ ज्याने तो कागद टाइप केला तो अकाउंट्सचा सहायक तिथेच भिंतीला टेकून उभा असतो. रोज दुपारी स्टोअरकीपरच्या शेजारी बसून डबा खाणारा. त्याची नजर कॅलेंडरवर.

हे दृश्य भोसरीतलं असेल, वाळूजचं असेल किंवा ठाण्यातल्या एखाद्या काचेच्या इमारतीतलं. बघण्यासारखं हे की त्यात धमकी तोंडी आहे आणि राजीनामा लेखी. अन्यायी साहेबाचा कारभार असाच चालतो. त्याच्या सोयीचं तेवढं कागदावर, बाकी सगळं हवेत. रविवारी ये, हे तोंडी. रजा नामंजूर, तीही तोंडी. ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे तर हमखास तोंडी, आणि आठवड्याने घरी पोस्टाने पत्र येतं: आपण विनापरवानगी गैरहजर आहात, खुलासा करावा.

साहेब खडूस असणं हा गुन्हा नाही. तो सकाळी नमस्काराला उत्तर देत नसेल, चहा एकटाच पीत असेल, चारचौघांत आवाज चढवत असेल. त्यावर बहुतेक वेळा कायद्याकडे औषध नसतं. पण खडूसपणा कुठे संपतो आणि अन्याय कुठे सुरू होतो, याची रेघ महाराष्ट्राने १९७१ साली कायदा करून आखली आहे. कायद्याचं नाव श्वास लागेल इतकं लांब, पण त्यातले ‘अनुचित कामगार प्रथा’ हे तीन शब्द नेमके. लेबर कोर्टाच्या आवारात त्याखालच्या तक्रारीला नुसतं ‘यूएलपी’ म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने काय करू नये याची यादी आहे. सूडबुद्धीने नोकरीवरून काढणं. व्यवस्थापनाचं धोरण म्हणून आकसाने बदली करणं. गुणवत्ता न बघता एका गटावर मेहेरनजर ठेवणं. कायमपणाचे फायदे द्यावे लागू नयेत म्हणून माणसांना वर्षानुवर्षं हंगामी ठेवणं.

या शेवटच्या प्रकाराला कारखान्यांत एक साधा शब्द आहे: ब्रेक. काही महिने काम, मग चार दिवसांचा ब्रेक, पुन्हा नवी ऑर्डर. माणूस तोच, मशीन तेच, पण सेवा दरवेळी पहिल्या दिवसापासून मोजायची. आणि हा खेळ फक्त खासगी मालक खेळतात असं नाही. पुण्याजवळ पाचगाव पर्वतीच्या योजनेवर वनखात्याने राबवलेले मजूर अशीच तक्रार घेऊन गेले, तेव्हा त्यांच्यासमोर खुद्द राज्य सरकार उभं होतं. वनखातं हा उद्योगच नव्हे, असा सरकारचा युक्तिवाद होता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि इतकी वर्षं हंगामी ठेवणं ही अनुचित प्रथाच ठरवली. पुढे एसटीच्या डेपोत गाड्या धुणाऱ्यांनाही याच कायद्याचा आधार मिळाला. २००६ मध्ये घटनापीठाने सरकारी नोकरीत मागच्या दाराने कायम होण्याला लगाम घातला होता, तरी २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की त्या निकालाने अनुचित प्रथेविरुद्धचा हा अधिकार काढून घेतलेला नाही.

सरकारच्या कोत्या मनाचा याहून चमत्कारिक नमुना नियमांच्या पुस्तकातच होता. खालच्या कोर्टात शिक्षा झालेल्या, पण अपील चालू असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला महाराष्ट्रात निर्वाह भत्ता किती मिळावा? महिन्याला एक रुपया. नियम तसा छापलेला होता. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एक रुपया देणारा अधिकारी व्यक्तिशः दुष्ट होता असं मानायचं कारण नाही. त्याने फक्त नियम वाचला आणि व्हाउचरवर सही केली. अन्यायाला दरवेळी कडक आवाजाचा साहेब लागतोच असं नाही.

साहेबांची आणखी एक हातोटी म्हणजे पदवी वाटणं. कामगाराला ‘एक्झिक्युटिव्ह’ केलं की तो संरक्षणातून बाहेर पडला, अशी समजूत. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलं की बघायचं ते हुद्द्याचं नाव नव्हे, माणूस मुख्यतः काय काम करतो ते. दिवसभर चलनं आणि बिलं तपासणारा ‘असिस्टंट मॅनेजर’ कायद्यापुढे कामगार ठरू शकतो. पाटीवर काही का असेना.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. अनुचित प्रथांची यादी आता औद्योगिक संबंध संहितेतही आहे. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. राजीनामा असो की बडतर्फी, वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. दंड करायचा तर आधी माणसाचं म्हणणं ऐकायचं, आणि दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. वेतनाच्या या तरतुदी मॅनेजरलाही लागू आहेत. ‘फुल अँड फायनल’साठी दोन-दोन महिने हेलपाटे घालायला लावणारी ऑफिसं आजही आहेत, तिथे या ओळी भिंतीवर लावायला हरकत नाही.

इथे थोडं आडवळण. साहेबाने न विचारता अर्ध्या दिवसाचा पगार कापला म्हणून संतापलेला माणूस घरी येतो आणि भांडी घासणाऱ्या मावशींचे तीन खाडे मोजून पैसे देतो. त्यांची मुलगी तापाने फणफणली होती, हे विचारायचं राहून जातं. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. मावशींची नोंदणी झाली आहे का, हे किती घरांत ठाऊक असतं? प्रत्येक साहेब काही केबिनमध्ये बसत नाही.

तोंडी हुकुमावर उतारा एकच, तो कागदावर आणणं. त्यासाठी वकील लागत नाही. ‘आज दुपारी आपण सांगितल्याप्रमाणे येत्या रविवारी कामावर येत आहे, बदली सुट्टी कधी घ्यावी ते कळवावे’ एवढा दोन ओळींचा ईमेल पुरतो. उत्तर आलं नाही तरी तारीख उमटते. पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्र, हजेरीचे फोटो घरी ठेवावेत, कंपनीच्या लॅपटॉपवर नव्हे; तो लॅपटॉप पहिल्याच दिवशी काढून घेतला जातो. आणि मुदत. १९७१ च्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत करायची असते. उशीर का झाला ते पटवून देता आलं तर न्यायालय पुढेही ऐकतं, पण पटवून द्यावं लागतं. लैंगिक छळाच्या तक्रारीला २०१३ च्या कायद्याने तीन महिने दिले आहेत. ही मुदत बहुतेकदा घरातच संपते: बघू, होईल काहीतरी, गणपती होऊन जाऊ दे.

कागद मात्र एका जागी अडतो. बंद केबिनमध्ये काय बोललं गेलं, ते सांगायला माणूस लागतो. मेहेरनजर हीसुद्धा अनुचित प्रथा, असं कायदा म्हणतो, पण ती ज्याच्यावर झाली त्याने काय करावं याबद्दल तो गप्प आहे. लाडक्याला वाटतं, साहेबांनी माझी कदर केली. कदर असेलही. पण ज्या महिन्यात शेजाऱ्याची बढती अडली त्याच महिन्यात याची झाली, आणि शेजाऱ्याचा राजीनामा याच्याच बोटांनी टाइप झाला. तो खोटं बोललेला नाही. कुणी विचारलंच नाही, म्हणून काहीच बोललेला नाही. त्याच्याही डोक्यावर घराचा हप्ता आहे, आणि ते खोटं कारण नाही.

स्टोअरकीपरने त्या शुक्रवारी सही केली. सोमवारी सकाळी, ती दडपणाखाली घेतली गेली, असं त्याने लेखी कळवलं. तक्रारीचा मसुदा तयार झाला तेव्हा एकाहत्तर दिवस उलटले होते. वकिलांनी विचारलं, केबिनमध्ये आणखी कोण होतं? त्या संध्याकाळी तो कंपनीच्या गेटबाहेर, पानटपरीपाशी उभा राहिला. अकाउंट्सचा सहायक स्कूटर ढकलत बाहेर आला, थांबला, सगळं ऐकून घेतलं. ‘घरी विचारून सांगतो,’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने स्टोअरकीपरला फोन करून सांगितलं की तो आता कँटीनमध्ये येत नाही. डबा साहेबांच्या केबिनमध्येच खातो.