गैरसोयीची वाटणी

नीतिशास्त्रावरील ग्रंथ उघडले म्हणजे त्यांत मोठमोठ्या प्रसंगांची चर्चा आढळते. हरिश्चंद्रानें राज्य द्यावें कीं न द्यावें, अर्जुनानें लढावें कीं न लढावें, सत्य बोलल्यानें एखाद्या निरपराध्याचा प्राण जात असेल तर काय करावें, अशा प्रश्नांचा तेथें खल चाललेला असतो. परंतु मध्यम स्थितींतील गृहस्थावर राज्य दान करण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं. मे महिन्यांत बायकामुलांना घेऊन माथेरानला जाण्याचा प्रसंग मात्र केव्हां ना केव्हां येतो. या दुसऱ्या प्रसंगांतही नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

माथेरानचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं ही डोंगरमाथ्यावरील जागा हेरली, आणि १९०७ सालीं नेरळपासून तेथवर दोन फूट रुंदीच्या रुळांवरून चालणारी छोटी आगगाडी सुरू झाली. सुमारें २१ किलोमीटरांचा वळणावळणांचा मार्ग चढावयास तिला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. प्रवाशांच्या मोटारींना गांवांत मज्जाव आहे; त्या दस्तुरी नाक्यावर ठेवून पुढें पायीं, घोड्यावर किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून गाडीनें जावें लागतें. पैसे टाकले म्हणजे कोणतीही गैरसोय टळते, हा शहरी माणसाचा दृढ विश्वास या नाक्यावर प्रथम डळमळतो. गाडीचीं तिकिटें संपलेलीं असतात. घोडेवाल्याशीं भाव जुळत नाहीं. तांबड्या धुळीनें चपला, कपडे आणि मुलांचीं तोंडें एका रंगाचीं होतात. माकड झाडावरून उतरतें आणि धाकट्याच्या हातांतील बिस्किटांचा पुडा घेऊन जातें. सूर्योदयासाठीं काळोखांत उठून पॅनोरमा पॉइंट गांठावा, तों उन्हाळ्याच्या धुरकट हवेंत समोरचे डोंगर अर्धे पुसून गेलेले असतात. यांपैकीं एकालाही संकट हें नांव शोभणार नाहीं. तरीही सायंकाळपर्यंत दोघांचा अबोला आणि एकाचें रडणें झालेलें असतें.

यावर तत्त्वज्ञांचा उपाय जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत शीत आणि उष्ण, सुख आणि दुःख हीं येणारीं व जाणारीं आहेत, तीं सोसावींत, असा उपदेश आहे. रोमन साम्राज्यांत गुलाम म्हणून आयुष्याचा आरंभ केलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञानें तर सहलीलाच लागू पडावा असा दाखला दिला आहे. सार्वजनिक स्नानगृहांत जावयास निघालांत, तर तेथें कोणी पाणी उडवील, कोणी धक्का देईल, कोणी शिवी देईल, कोणी चोरी करील, हें आधींच मनाशीं आणा, असें तो सांगतो. स्नान करावयाचें आणि मनही ठिकाणावर ठेवावयाचें, असे दोन्ही हेतु धरून निघालेला मनुष्य धक्क्यानें बिथरत नाहीं. उपदेश उत्तम आहे, आणि सहलीस निघालेल्या प्रत्येक कुटुंबप्रमुखानें तो लक्षांत ठेवावा.

परंतु कुटुंबाच्या बाबतींत एवढ्यानें भागत नाहीं. एपिक्टेटसचा मनुष्य स्नानाला एकटाच गेलेला आहे. आपला गृहस्थ पांच जणांसह निघालेला आहे. जांभळीच्या सावलींत बसून तो शांतपणें म्हणतो, "गाडी चुकली तर चुकली, एवढें काय त्यांत?" त्याची समबुद्धि खरोखर वाखाणण्यासारखी असते. मात्र त्याच वेळीं त्याची पत्नी पाण्याची बाटली शोधीत असते, मोठी मुलगी कडेवरच्या भावाला या हातावरून त्या हातावर घेत असते, आणि सामानापाशीं वृद्ध आई उभी असते. गृहस्थाच्या शांतीचें मूल्य दुसरींच माणसें देत आहेत. अशा शांतीला तितिक्षा म्हणावें काय, हा आमचा प्रश्न आहे.

सुख आणि गैरसोय यांत एक मोठा भेद आहे. दरीचा देखावा पांच जणांनीं पाहिला म्हणून प्रत्येकाच्या वांट्याला पंचमांश येत नाहीं. तो सर्वांना सबंध मिळतो. पिशवीचें तसें नाहीं. ती एकानें उचलली नाहीं तर दुसऱ्याला उचलावीच लागते. पहांटे चारला उठून दशम्या कोणी तरी कराव्याच लागतात, खिडकीची जागा सोडून मधल्या जागेवर कोणाला तरी बसावेंच लागतें. गैरसोय नाहींशी होत नसून फक्त हात बदलते; आणि जेथें वाटणी आहे तेथें न्याय-अन्यायाचा प्रश्न येणारच. आमच्या घरांतून ही वाटणी कोणी ठरवून करीत नाहीं. पाणी जसें उताराकडे धांवतें, तशी गैरसोय सर्वांत कमी तक्रार करणाऱ्याकडे जाते. रागाचीही वाट तीच. तिकिटाच्या खिडकीवरील कारकुनापुढें आपण नमतें घेतों, हॉटेलच्या व्यवस्थापकाशीं अदबीनें बोलतों, आणि उरलेला राग पत्नीवर, तिच्याकडून मुलावर येऊन पोहोंचतो.

कोणी म्हणेल, घरांत कसला न्याय? तेथें प्रीतीचें राज्य असतें. आई दशम्या करते ती आनंदानें करते. हें खरें असूं शकेल, आणि तसें असेल तर तें मोठें दान आहे. परंतु जें नाकारण्याची मोकळीक असते, त्यालाच दान म्हणतां येतें. "यंदां शिदोरी कोणी करावी?" असा प्रश्न ज्या घरांत कधीं विचारलाच गेला नाहीं, तेथें आईनें दिलें कीं तिच्याकडून घेतलें गेलें, हें तिला स्वतःलाही सांगतां येणार नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, असा हिशेब मांडला तर सहलीची कचेरी होईल. आम्ही तराजू घेऊन निघा असें सुचवीत नाहीं. काल पिशवी कोणाकडे होती, एवढें आठवलें तरी पुरे आहे; त्याला कचेरी लागत नाहीं.

हाच प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेरही येतो. माथेरानच्या त्याच तांबड्या रस्त्यांवर माणसें माणसांना हातरिक्षांत बसवून ओढीत असत. बसणाऱ्याचा चढ टळे; पण चढ कमी होत नसे, तो ओढणाऱ्याच्या छातींत उतरे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या उपजीविकेची सोय विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या द्वारें लावण्याचा आदेश दिला. ओढणारा पोटासाठीं राजी होता, म्हणून प्रश्न मिटला असें न्यायालयानें मानलें नाहीं. घरांतील आईच्या राजीखुशीविषयींही इतकाच सावधपणा बाळगण्यास काय हरकत आहे?

सहलीला मुलें बरोबर असतात, म्हणूनही हा विषय उपेक्षेचा नव्हे. लुईझा पॉइंट कोठें आणि शार्लट तलाव कोठें, हें तीं लवकरच विसरतात. पण तहान लागली असतां पहिला पेला कोणाला मिळाला आणि बाटलींतील शेवटचें कोमट पाणी कोणी घेतलें, हें तीं बघून ठेवतात, आणि पुढें आपल्या संसारांत त्याच क्रमानें पेले भरतात. शाळेंतील नीतिपाठांहून हा पाठ अधिक टिकतो.

सहल बिनचूक पार पडावी अशी अपेक्षा कोणीं करूं नये. धूळ, माकडें आणि चुकलेल्या गाड्या यांच्यावर आपली सत्ता चालत नाहीं. वाटणी मात्र आपल्या हातीं आहे. येत्या मे महिन्यांत जीं कुटुंबें डोंगर चढतील, त्यांतील कर्त्या पुरुषानें पहिल्या वळणावर थांबून मागें पहावें, पिशवी कोणाच्या खांद्याला आहे तें नीट न्याहाळावें, आणि कांहीं न बोलतां ती आपल्याकडे घ्यावी.