तिजोरीतील सोने आणि दोन नोंदवह्या



सोन्याचा भाव चढू लागला की आपल्या वऱ्हाडात एक कुजबुज सुरू होते. अमरावतीच्या लग्नघरात, अकोल्याच्या सराफ्यात आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर तोच प्रश्न कानी पडतो : ‘सरकार आता घराघरांतील सोने मोजणार आहे म्हणे; जास्त निघाले तर जप्त करणार, खरे का?’ मग कोणी दागिने माहेरी हलवते, कोणी कोठीच्या तळाशी पुरते, तर कोणी बिलाशिवाय खरेदी करण्याची युक्ती शोधते. या भीतीकडे ईमानच्या दृष्टीने कसे पाहावे, याचा आज आपण विचार करू या.

दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना आज्ञा आहे की, बेभरवशाचा मनुष्य बातमी घेऊन आला तर आधी तिची शहानिशा करा. अन्यथा अजाणतेपणी कोणाची हानी कराल आणि पश्चात्ताप पावाल. ही आज्ञा मोबाईलवर आलेल्या संदेशालाही लागू आहे. म्हणून प्रथम वस्तुस्थिती पाहू.

भीतीचे मूळ

ही भीती निराधार जन्मली नाही. चीनशी झालेल्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना देशात सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली आणि पिढीजात सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. पुढे १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य नागरिकाला सोन्याची लगड किंवा वीट बाळगणे निषिद्ध केले. ठराविक वजनापलीकडे दागिने असतील तर घोषणापत्र भरणे बंधनकारक झाले. सोन्याची हाव कमी झाली नाही, तस्करी मात्र फोफावली. अखेर १९९० मध्ये हा कायदा रद्द झाला. बलाढ्य अमेरिकेतही १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांचे सोने ठरलेल्या दराने सरकारजमा करण्याचा आदेश काढला होता. आपल्या आजी-आजोबांनी तो काळ पाहिला. त्यांची धास्ती वारशाने आपल्याकडे आली.

आजची स्थिती निराळी आहे. वैध कमाईतून घेतलेले किंवा वारशाने आलेले दागिने किती असावेत, याला कायद्याने मर्यादा नाही. नोटाबंदीनंतर अफवा उठल्या तेव्हा १ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने हेच जाहीर केले होते. आयकर विभागाची ११ मे १९९४ ची सूचना अशी की, झडती झाली तरी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. याहून अधिक असेल तर ते कोठून आले, हे सांगता आले पाहिजे.

नोंदी मात्र वाढल्या आहेत, हे खरे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. या क्रमांकावरून दागिन्याची शुद्धता व सराफाची नोंदणी कळते. त्यात मालकाचे नाव नसते. दोन लाख रुपयांपुढील खरेदीला पॅन क्रमांक द्यावा लागतो. घरातील जुने, हॉलमार्क नसलेले दागिने बाळगणे किंवा सराफाला विकणे हा गुन्हा नाही.

शासकाचा हात कोठवर?

इस्लामने खाजगी मालमत्तेला पावित्र्य दिले आहे. निरोपाच्या हजप्रसंगी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी घोषित केले की, माणसाचे रक्त, संपत्ती आणि अब्रू ही त्या दिवसाइतकीच, त्या महिन्याइतकीच व त्या नगरीइतकीच आदरणीय आहेत. ही मर्यादा शेजाऱ्यासाठी आहे आणि सत्ताधीशासाठीही आहे.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) खलीफा झाले तेव्हा त्यांनी पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी बळकावलेल्या मालमत्ता मूळ मालकांना परत करविल्या. त्यांच्या पत्नी फातिमा या खलीफा अब्दुल मलिक यांच्या कन्या. त्यांच्याकडे पित्याने दिलेले मौल्यवान दागिने होते. पतीने त्यांच्यापुढे पर्याय ठेवला : हे जडजवाहीर बैतुलमालमध्ये जावे, नाहीतर आपण विभक्त व्हावे. त्यांनी दागिने दिले. पतीच्या निधनानंतर त्यांचे भाऊ खलीफा झाले व त्यांनी ते परत देऊ केले. तेव्हा, जे त्यांच्या हयातीत सोडले ते आता घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायी शासक आधी स्वतःच्या घराचा झडा घेतो. शासनाकडे न्यायाची मागणी करणे हा आपला हक्क आहे. परंतु तीच कसोटी आपल्या घरालाही लावली पाहिजे.

आणि येथेच, वाचकहो, आपण थबकतो. सरकारने एक ग्रॅम मागितला तर आपण जुलूम म्हणतो. मग आपल्या घरात झालेल्या जप्तीला काय म्हणावे?

घरातील जप्ती

मृग नक्षत्र तोंडावर आले की कपाशी व तुरीच्या बियाण्यासाठी पैसा लागतो. मुलाच्या महाविद्यालयाची फी असते, दुकानाचे भाडे थकलेले असते. अशा वेळी घरातील पुरुषाची नजर कपाटाकडे जाते. पत्नी निमूटपणे पाटल्या काढून देते. त्या गहाण पडतात, व्याज चढत जाते आणि एके दिवशी लिलावाची नोटीस येते. कोणी विचारले तर उत्तर ठरलेले : ‘घराचेच तर होते!’

बंधूंनो, ते घराचे नव्हते, तिचे होते. महर म्हणून दिलेले किंवा माहेरातून आलेले सोने तिच्या मालकीचे असते. सूरह निसामध्ये स्त्रियांना महर राजीखुशीने देण्याची आज्ञा आहे; त्यातील काही त्यांनी स्वतःच्या मनाने सोडले तरच ते पतीला हलाल ठरते. त्याच सूरहमध्ये पुढे सांगितले आहे की, पत्नीला सोन्याची रास दिली असली तरी तिच्यातून काही परत घेऊ नका. लाजेने, धाकाने किंवा ‘नाही म्हटले तर घरात राहणे अवघड होईल’ या भयाने दिलेले दान राजीखुशीचे नसते.

अडचणीच्या काळात पत्नीची मदत घेऊच नये, असे नाही. पण ते उसने असेल तर ते कर्ज आहे, आणि कर्जाविषयी कुरआनची सर्वांत दीर्घ आयत अवतरली आहे. सूरह बकरामधील ती आयत कर्ज लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवण्याची व साक्षीदार करण्याची शिकवण देते. विचार करा : नोंद ठेवण्याचा धाक आपल्याला वाटतो, परंतु अल्लाहने तर स्वतः नोंदीची आज्ञा दिली आहे. ज्याचा व्यवहार स्वच्छ त्याला नोंद राखते, आणि दुर्बलाचा हक्क तर नोंदीवाचून टिकतच नाही.

दुसरी जप्ती मयताच्या घरात होते. आई निवर्तली की तिच्या बांगड्या सुनेकडे जातात आणि लेक रिकाम्या हाताने सासरी परतते. कर्ज व मृत्युपत्राचा भाग वगळल्यावर उरलेल्या प्रत्येक वस्तूत, ती थोडी असो वा फार, मुलींचाही हिस्सा अल्लाहने ठरवून दिला आहे. ‘बहिणीने माफ केले’ असे म्हणण्यापूर्वी तिचा हिस्सा तिच्या हाती ठेवा; नंतर तिने दिला तर गोष्ट वेगळी.

गरिबाचा हिस्सा

तिसरी जप्ती सर्वांत निःशब्द असते. सूरह तौबामध्ये, सोने-चांदी साठवून अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना यातनेचा इशारा आहे : तीच संपत्ती नरकाग्नीत तापवून त्यांच्या कपाळांना, कुशींना व पाठींना डाग दिले जातील. एक स्त्री आपल्या मुलीसह प्रेषितांकडे (सल्ल.) आली. मुलीच्या हातात सोन्याची जाड कंकणे होती. ‘यांची जकात देता का?’ असे प्रेषितांनी विचारले. उत्तर नकाराचे आले, तेव्हा त्यांनी आगीच्या कंकणांची आठवण करून दिली. त्या माउलीने तत्क्षणी ती काढून अल्लाहच्या मार्गात दिली.

आपल्या वऱ्हाडात बहुतांश मुस्लिम हनफी मताचे आहेत आणि या मतानुसार अंगावरील दागिन्यांवरही जकात आहे. येथे एक चूक सर्रास होते. साडेसात तोळ्यांचा निसाब जुन्या तोळ्याचा, म्हणजे ८७.४८ ग्रॅमचा आहे. आज सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतो. त्या मापाने तो सुमारे पावणेनऊ तोळे होतो. चांदीचा निसाब साडेबावन्न जुने तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम आहे. खामगावच्या बाजारातून पिढ्यान्‌पिढ्या चांदी घेणाऱ्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. एकटे सोने निसाबाहून कमी असले, पण सोबत चांदी किंवा रोकड असली, तर सर्वांची एकत्रित किंमत चांदीच्या निसाबाइतकी होते का, ते पाहावे लागते. चांद्र वर्ष पूर्ण झाल्यावर चाळिसावा भाग द्यायचा : शंभर ग्रॅमवर अडीच ग्रॅम, किंवा त्या दिवसाच्या भावाने तेवढी रक्कम. जबाबदारी दागिन्याच्या मालकाची आहे. पत्नीच्या संमतीने पती तिच्या वतीने देऊ शकतो.

आज रात्री करण्याजोगे

आज इशानंतर घरातील सर्वांनी मिळून एक वही उघडा. कोणता दागिना कोणाचा, कोठून आला आणि किती ग्रॅमचा, ते लिहा. कोणाची अमानत आपल्याकडे असेल तर तिची स्वतंत्र नोंद करा, प्रेषितांनी (सल्ल.) हिजरतच्या रात्री जिवावर बेतले असतानाही मक्कावासीयांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले होते. गहाण काय आहे आणि कोणाचे उसने आहे, तेही लिहा. शेवटी जकातीचा हिशेब मांडा. तीन टक्के जीएसटी वाचविण्यासाठी बिलाशिवाय सोने घेऊ नका. त्यात कायद्याशी अप्रामाणिकपणा आहे. शिवाय उद्या चोरी, झडती किंवा वाटणीचा प्रसंग आला तर हातात पुरावा राहत नाही. जुनी बिले, निकाहनामा आणि वारसपत्रे एकत्र ठेवा.

बंधू-भगिनींनो, एक नोंदवही शासनाची आहे. ती चुकू शकते, कायदे बदलू शकतात आणि अन्याय झाला तर न्यायालयाचे दार ठोठावता येते. दुसरी नोंदवही सन्माननीय देवदूत लिहीत आहेत. तिच्यातून एक रतीही सुटत नाही, आणि तिची पाने उघडतील त्या दिवशी, संपत्ती कोठून मिळविली व कशात खर्च केली, याचे उत्तर दिल्याशिवाय कोणाचेही पाऊल जागचे हलणार नाही. पहिल्या वहीच्या धाकाने रात्रभर जागणारे आपण दुसऱ्या वहीकडे पाठ फिरवून झोपी जातो, याचे दुःख आहे.

हे अल्लाह, आमची कमाई हलाल कर, आमच्या घरातील स्त्रियांचे, अनाथांचे व गरिबांचे हक्क आमच्या हातून अदा करव, सत्ताधीशांना न्यायाची बुद्धी दे आणि आमचे सोने आमच्यासाठी आग ठरू देऊ नकोस. आमीन.