अन्नास पात्रापात्रता आहे काय?

दान देताना पात्र पाहावे, असे आपले शास्त्र सांगते. परंतु अन्नदानाच्या वेळी हा विचार करू नये, असाही संकेत आपल्या समाजात तितकाच दृढ आहे. हा अपवाद केवळ दयेपोटी केलेला आहे, की त्याच्या मुळाशी न्यायाचे काही तत्त्व आहे? खानदेशातील धान्यसंग्रहाचा इतिहास पाहिल्यास या प्रश्नाचा थोडाबहुत उलगडा होतो.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठी पूर्वी सुगीची ज्वारी पेवांत साठवीत. कोरड्या जागी खोल खड्डा खणावयाचा, त्यास आतून कडबा लावून धान्य भरावयाचे व तोंड मातीने लिंपावयाचे. पेव उघडल्यावर कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नसे. पेव सावकाराचे असो की पाटलाचे, ते गावाच्या डोळ्यांसमोर असे. ही व्यवस्था निर्दोष होती असे मुळीच नाही. अडलेल्यास दाणे सवाई-दिढीने मिळत, आणि गावकुसाबाहेरच्यांची पाळी शेवटी येई. तथापि मागणारा कोण व त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे देणाऱ्यास ठाऊक असे.

पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) कापसास भाव आला आणि आगगाडीही आली. आगगाडी धान्य आणते तशी नेतेही. 1899–1900 च्या दुष्काळात भुकेल्यास सरकारी कामावर खडी फोडून आपली गरज सिद्ध करावी लागे. त्यापूर्वी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे इतकी उतरविण्यात आली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने तीस जोराची हरकत घेतली होती.

कसोटी नसेल तर आळशी लोक कोठार रिते करतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु येथे चूक दोन प्रकारची संभवते: पोट भरलेल्यास अन्न मिळणे, आणि भुकेल्यास न मिळणे. पहिल्या चुकीत धान्य जाते, ते पुढच्या सुगीत भरून निघते. दुसऱ्या चुकीत माणूस जातो. शिवाय कसोटी जितकी कठीण, तितका तिच्यात आधी नापास होतो तो सर्वांत दुबळा. अन्नापुरती पात्रापात्रता बाजूस ठेवण्यात आपल्या पूर्वजांनी औदार्याहून व्यवहारज्ञानच अधिक दाखविले, असे म्हणणे प्राप्त आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाचे कोठार लोकांस खुले केले, ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. वस्तुतः ते धान्य रयतेनेच पिकविलेले होते. ही दृष्टी कायद्यात उतरण्यास 2013 साल उजाडले. अन्नसुरक्षा कायद्याने सामान्य लाभार्थ्यास दरमहा माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, आणि 2023 पासून ते विनामूल्य झाले. आज जळगाव-धुळ्याकडच्या रेशन दुकानात खडी फोडावी लागत नाही. अंगठा उमटवावा लागतो. पण कष्टाने ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्राने न ओळखल्यास ती चूक कोणाच्या पदरी घालावयाची? भुकेल्याच्या पदरी ती पडू नये, एवढाच त्या जुन्या संकेताचा आग्रह आहे, आणि तो आजही सोडण्याजोगा नाही.