बसवलेलं रीडिंग

गॅमा किरणांचा स्फोट शोधताना मला नक्की काय हवं असतं, हा प्रश्न मी बरेच दिवस पुढं ढकलत आलो. ज्ञान हवं असतं, हे उत्तर तोंडावर तयार असतं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींचा आलेख काढला की त्यात एक उंच शेंडा दिसावा आणि तो माझ्याआधी कुणी पाहिलेला नसावा, एवढंच मनात असतं. कुठल्या दूरच्या दीर्घिकेत तारा मेला याच्याशी त्या इच्छेचा संबंध फार थोडा. हे लिहून काढतोय, कारण मनातल्या मनात स्वतःची उलटतपासणी घेतली की साक्षीदार आणि वकील एकच निघतो.

मी परभणीत पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. संशोधक म्हणवून घ्यावं असं माझं काम नाही. पण २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट या दुर्बीण-उपग्रहाचा जुना डेटा इस्रोने सगळ्यांसाठी खुला केला आणि आमच्यासारख्यांना घरबसल्या आकाश मिळालं. त्या उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकांचे ६४ संवेदक, प्रत्येकावर २५६ बिंदू, आणि सगळ्यांची मांडणी चार भागांत. ते घडवण्यात मुंबईच्या टीआयएफआरचा पुढाकार होता. डेटाची छाननी पुण्याच्या आयुकात होते. मुळात ते जिकडे रोखलं असेल तिकडचे क्ष-किरण पाहण्यासाठी केलेलं. पण सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर त्याच्या भिंती किरणांना फारशा अडवत नाहीत. त्यामुळे बाजूने, मागून, कुठूनही आलेला स्फोट त्याला जाणवतो. ६ ऑक्टोबर २०१५ ला उपकरण सुरू झालं आणि त्याच दिवशी पहिला स्फोट नोंदला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोजदाद ६०० वर पोचली.

हे स्फोट काही सेकंदांचे असतात. कधी सेकंदाच्याही आत आटोपतात, कधी दोन-चार मिनिटं चालतात. प्रचंड वस्तुमानाचा तारा आत कोसळतो किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळतात आणि पदार्थाचा अरुंद झोत जवळपास प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो. तो झोत आपल्या दिशेने असेल तरच आपल्याला स्फोट दिसतो.

अडचण अशी की उपकरण कधीच गप्प नसतं. वैश्विक किरण, आकाशभरचा मंद प्रकाश, मधूनच वेडेवाकडे वागणारे बिंदू. पत्र्यावर पाऊस पडावा तसं हे सतत चाललेलं, आणि पावसाला आपला असा चढउतार असतोच. दर सेकंदाची मोजणी घेऊन, सरासरीच्या तीन सिग्मा, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या तिप्पट, वर गेलेला प्रत्येक सेकंद ‘सापडला’ म्हणायचं ठरवलं, तर ८६,४०० सेकंदांच्या दिवसात निव्वळ योगायोगाने सुमारे ११७ शेंडे मिळतील. तेही चारपैकी एकाच भागात. म्हणून चारही भागांत एकाच क्षणी उठाव दिसला पाहिजे, अशी अट घालतात. शिवाय खऱ्या स्फोटात आणखी एक खूण उमटते. एखादा फोटॉन एका बिंदूवर आपटून शेजारच्या बिंदूत शोषला जातो, आणि अशा जोडनोंदीही त्याच वेळी वाढतात.

नियम उत्तम आहेत. मी ते कधी ठरवतो, यात गोम आहे. सेकंदासेकंदाचे खण पाडून काही दिसलं नाही की मी दहा सेकंदांचे पाडतो. मग दशांश सेकंदाचे. एखादा भाग जास्त गोंगाट करतोय म्हणून बाजूला ठेवतो. पार्श्वभूमीची रेषा सरळ धरली होती ती वक्र धरून पाहतो. प्रत्येक पावलाला पुस्तकात बसेल असं कारण असतं, आणि म्हणूनच ती पावलं धोक्याची. शेंडा दिसला की माझे प्रयोग थांबतात. दिसला नाही की चालू राहतात. म्हणजे कधी थांबायचं हे डेटा सांगत नाही, माझी हाव सांगते. याला कुणी फसवणूक म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण आलेख पाहण्याआधी मी अटी कागदावर लिहून का ठेवत नाही, या प्रश्नाला माझ्याकडे आळसाखेरीज उत्तर नाही, आणि आळस हे उत्तर खरं वाटत नाही.

मोठ्या माणसांचंही असं होतं, हा दिलासा मी स्वतःला फार दिलाय. २००२ च्या डिसेंबरात रेसी या सूर्य पाहणाऱ्या उपग्रहावर एक तेजस्वी स्फोट नोंदला गेला. त्याचे किरण सुमारे ८० टक्के ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारे, असल्याचा कोबर्न आणि बॉग्ज यांचा निबंध २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढच्याच वर्षी रटलेज आणि फॉक्स यांनी तोच डेटा तपासला आणि ध्रुवणाचा काहीच पुरावा नाही असं सांगितलं. आकडे तेच, निकाल दोन. कुणी लबाडी केली नव्हती. सीझेडटीआयच्या गटालाही हा अनुभव चुकला नाही. पहिल्या वर्षातल्या ११ स्फोटांचा त्यांचा निबंध २०१९ मध्ये आला तेव्हा बऱ्याच स्फोटांत ध्रुवण जोरदार असावं असं दिसत होतं. २०२२ मध्ये पाच वर्षांतले २० स्फोट, सुधारलेल्या पद्धतीने आणि अधिक रुंद ऊर्जापट्ट्यात तपासल्यावर बहुतेकांत ते कमी किंवा नाहीच, असं त्यांनीच छापलं. हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला नाही, थोडी निराशाच झाली. जास्त ध्रुवण असतं तर वर्गात सांगायला बरं पडलं असतं. निराशा हीच माझ्याविरुद्धची साक्ष.

तसंच जानेवारी २०१७ चं. ४ तारखेला लायगो वेधशाळेला दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वलहरी मिळाल्या. हवाईतल्या ॲटलास दुर्बिणीला आकाशाच्या त्याच पट्ट्यात एक झपाट्याने मावळणारा ठिपका दिसला. गुरुत्वलहरींचा आणि प्रकाशाचा उगम एकच निघाला असता तर केवढी बातमी! कृष्णविवरांच्या धडकेतून उजेड पडतो असं सिद्ध झालं असतं. सीझेडटीआयच्या नोंदी उलगडल्या तेव्हा लहरींनंतर सुमारे २१ तासांनी झालेला एक गॅमा स्फोट सापडला. नारायणगावजवळच्या जीएमआरटीनेही त्या ठिपक्याकडे रेडिओ-कान लावला. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा: ठिपका त्या वेगळ्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड आहे, लहरींशी त्याचा संबंध नाही. पुण्या-मुंबईच्या माणसांनी एक मोठी बातमी आपल्याच पुराव्याने मोडून काढली. मी त्यांच्या जागी असतो तर २१ तासांचा आकडा पाहून काय केलं असतं? सांगता येत नाही. एवढं मात्र ठाऊक आहे की लहरी आणि प्रकाश यांच्यामध्ये २१ तास का लागू शकतात याची दोन-तीन स्पष्टीकरणं माझ्या डोक्यात हा प्रसंग वाचता वाचताच तयार झाली होती.

आता गावाकडचं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा निघेपर्यंत हा भाग परभणी जिल्ह्यातच होता, त्यामुळे आम्ही अजून ‘आपलं लायगो’ म्हणतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींना मंजुरी दिल्यापासून शाळा-कॉलेजांत माझ्यासारख्यांना व्याख्यानाला बोलावणं येतं. तिथं मी सांगतो की एक गॅमा स्फोट काही सेकंदांत शेकडो सूर्यांच्या जन्मभराच्या ऊर्जेएवढी ऊर्जा ओततो. लेकरांच्या तोंडून ‘अबब’ येतं. हा आकडा स्फोट सगळ्या दिशांना सारखाच पसरतो असं धरून काढलेला आहे. झोत अरुंद आहे हे हिशेबात घेतलं की ऊर्जा शंभरेक पटींनी उतरते आणि एका सूर्याच्या आयुष्यभराच्या उत्पन्नाच्या आसपास येते. एक सूर्यही काही कमी नाही. पण झोताचं वाक्य मी व्याख्यानात गाळतो. वेळ नसतो म्हणून नव्हे. टाळ्या कमी पडतात म्हणून. आणि मागच्या रांगेतून कुणी काका ‘पोरांना नोकऱ्या लागतील का हो सर?’ असं विचारतात तेव्हा ‘वाव आहे’ असं मोघम बोलून मी पाणी पितो.

यातलं सगळं मी एकवेळ स्वभावावर ढकलीन. प्रॅक्टिकलच्या जर्नलावर केलेल्या सह्या ढकलता येत नाहीत.

पदवीच्या पहिल्या वर्षाला बार पेंड्युलमचा प्रयोग असतो. लोखंडी पट्टी सुरीच्या धारेवर टांगायची, झोके मोजायचे आणि गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचा. पट्ट्या जुन्या, धारा बोथट, आधार हलणारा. उत्तर कधी ९३० येतं, कधी १०२० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. जर्नलात मात्र वर्षानुवर्षं ९८०, ९८१, नाहीतर ९७९.८. पोरं उत्तर आधी लिहितात आणि तक्ता त्याच्या मागे चालत आणतात. याला आमच्याकडे रीडिंग बसवणं म्हणतात, आणि ते उघड गुपित आहे. परीक्षेला आलेला एक्स्टर्नल ९३० पाहून कपाळाला आठ्या घालतो, ९८० पाहून चहा घेतो. मी दोन्ही बाजूंनी बसलोय. ९३० आणणाऱ्या मुलाला ‘पुन्हा कर’ म्हटलंय आणि ९८० आणणाऱ्याला काही विचारलेलं नाही. पुन्हा करायला लावणं चूक नव्हे. फक्त एकालाच करायला लावणं चूक. उत्तर आवडलं की थांबा, नाही आवडलं की पुढं चला. रात्री आलेखापुढं मी जे करतो ते दिवसा वर्गाला शिकवून आलेला असतो.

यात एक गंमत आहे, ती सांगतो. परभणीचा अक्षांश सव्वाएकोणीस, समुद्रसपाटीपासून उंची सुमारे चारशे मीटर. इथला खरा ‘जी’ सुमारे ९७८.५ भरतो. ९८१ हा आकडा युरोपच्या अक्षांशांचा. जर्मनीत तो तेवढा आहे आणि पोट्सडॅमला मोजलेली किंमत तर बराच काळ जगाला प्रमाण होती. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या पोरांनी जर्नलात शब्दशः खरी केली आहे: जर्मनीचा ‘जी’ ती परभणीत बसून काढतात, आणि खाली सही माझी असते.

मुलांना ॲस्ट्रोसॅटची ओळख करून देतानाही मी तेच केलं. दिली ती फाईल गाजलेल्या स्फोटाची, वेळही सांगितलेली. सगळ्यांना शेंडा सापडतो, सगळे खूश. ज्यात काहीच नाही अशी फाईल मी कधी कुणाच्या हातात ठेवली नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाचा स्फोट फर्मी उपग्रहाने गुरुत्वलहरींनंतर १.७ सेकंदांनी पाहिला. सीझेडटीआयला तो दिसला नाही, कारण मध्ये पृथ्वी आडवी होती. त्या न दिसण्याचाही उपयोग झाला: स्फोट पृथ्वीने झाकलेल्या भागातच असणार, असं म्हणून शोधाचं क्षेत्र कमी करता आलं. ही गोष्ट मला ठाऊक होती. वर्गात मात्र आली नाही, कारण तिच्यात दाखवायला आलेख सपाट आहे.

यंदा मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. शोधाच्या अटी फाईल उघडण्याआधी तारखेसह वहीत लिहीन. मुलांना देण्याच्या फायलींत निम्म्या रिकाम्या असतील आणि कुठल्या, ते त्यांना सांगणार नाही. बार पेंड्युलमला ९३० आलं आणि तक्ता, त्रुटी, हलणारा आधार हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं असलं तर त्या जर्नलावर मी पूर्ण गुणांची सही करीन. एक्स्टर्नलने हरकत घेतली तर वाद घालीन. मी मुळात वाद टाळणारा माणूस आहे, तेव्हा हा तिसरा निश्चय टिकेल की नाही याची मला खात्री नाही. म्हणून ज्यांची मुलं विज्ञानाला आहेत त्यांना विनंती आहे: एकदा त्यांचं जर्नल उघडून पाहा, आणि सगळी उत्तरं पुस्तकातल्यासारखी दिसली तर आमच्याकडे येऊन, ती मोजली कशी, हे विचारा.